प्रोग्रामने पाठवलेल्या मेलवरची डिजिटल सही वारंवार ‘अवैध’ दिसते, तेव्हा काय तपासायचं

पगाराच्या स्लिपा, बिलं, थकबाकीच्या नोटिसा, बँकेला जाणारे आदेश असे मेल प्रोग्राममधून एस/माइम (मेलवर डिजिटल सही करण्याची प्रमाणित पद्धत) सही करून पाठवणाऱ्यांकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कोड चुकत नाही, मेल पोचतो, सर्टिफिकेटही (सही कोणाची आहे याचा डिजिटल दाखला) नवं कोरं असतं, तरी समोरच्याला ‘सही वैध नाही’ किंवा ‘संदेशात बदल झाला आहे’ असं दिसतं. शिवाय ते सगळ्यांना दिसत नाही. पुण्याच्या ऑफिसात बरोबर, ग्राहकाकडे चूक. साध्या मजकुराचा मेल बरोबर, मराठी मजकुराचा चूक. मग कोणीतरी सर्टिफिकेट बदलून पाहतं, कोणी लायब्ररी बदलतं, चार दिवस बरं चालतं आणि तक्रार परत येते.

ती परत येते, कारण ‘सही अवैध’ या एका वाक्यामागे दोन निरनिराळे बिघाड असतात. एकात सही केल्यानंतर मेलचे बाइट बदललेले असतात. दुसऱ्यात बाइट जसेच्या तसे असतात, पण सर्टिफिकेटवर समोरच्याचा विश्वास बसत नाही. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून कोडला हात लावण्याआधी आपला बिघाड कुठला ते ठरवा.

आधी निदान

समोरच्याकडून मेल फॉरवर्ड करून घेऊ नका, फॉरवर्ड करताना मूळ रचना मोडते. मूळ मेल ‘.ईएमएल’ फाइल म्हणून हवा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून तिथून डाउनलोड करता येतो, थंडरबर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ने मिळतो. आउटलुकची ‘.एमएसजी’ फाइल या कामाला उपयोगाची नाही, तिच्यात मेल मूळ बाइटच्या रूपात नसतो.

ती फाइल ओपनएसएसएल या मोफत क्रिप्टोग्राफी टूलच्या ‘सीएमएस’ कमांडला ‘व्हेरिफाय’ आणि ‘नोव्हेरिफाय’ हे दोन्ही पर्याय एकत्र देऊन तपासा. नावं परस्परविरोधी वाटतात, पण ‘नोव्हेरिफाय’चा अर्थ एवढाच की सर्टिफिकेटची साखळी (ते कोणी दिलं, त्या देणाऱ्याला कोणी, अशी मुळापर्यंतची) तपासू नको. मजकूर आणि सही यांचा मेळ तरीही तपासला जातो. इथेच ‘डायजेस्ट फेल्युअर’ किंवा ‘कंटेंट व्हेरिफाय एरर’ आला, तर बाइट बदललेत. इथे पास झाला आणि ‘नोव्हेरिफाय’ काढल्यावर ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ किंवा सर्टिफिकेटच्या ‘पर्पज’बद्दलची तक्रार आली, तर भांडण सर्टिफिकेटचं आहे.

एक सावधगिरी हवी. ओपनएसएसएल असा मेल वाचताना ओळींचे शेवट स्वतःच सीआरएलएफ (मेलमधला प्रमाण ओळ-शेवट) करून घेतं, ‘बायनरी’ पर्याय दिला नसेल तर. त्यामुळे आपल्या मशिनवरची चाचणी पास झाली म्हणजे पाठवलेले बाइट बरोबर होते असं मानू नका. ‘आमच्याकडे तर व्हेरिफाय होतंय’ या वादाचं मूळ बरेचदा एवढंच असतं.

बाइट कुठे बदलतात

सहीयुक्त मेलचा नेहमीचा साचा ‘मल्टिपार्ट/साइन्ड’ असतो, १९९५च्या आरएफसी १८४७ या इंटरनेट मानकापासून चालत आलेला. आत दोनच भाग. पहिला भाग म्हणजे तुमचा खरा मेल, म्हणजे मजकूर आणि असतील त्या जोडफायली. दुसरा भाग ‘स्माइम.पी७एस’ ही सही. सही होते ती पहिल्या भागावर, आणि त्यात त्या भागाचे स्वतःचे हेडरही येतात: ‘कंटेंट-टाइप’, ‘कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग’, मग रिकामी ओळ, मग मजकूर. नुसत्या मजकुराच्या स्ट्रिंगवर सही करून ती मेलला चिकटवणारा कोड इंटरनेटवर भरपूर सापडतो. तो कधीच चालणार नाही, कारण तपासणारा हेडरसकट मोजतो.

सगळ्यात जास्त घोळ दोन जागी होतो.

पहिली जागा ओळीच्या शेवटाची. मेलमध्ये प्रत्येक ओळ सीआरएलएफने, म्हणजे हेक्समध्ये ०डी ०ए या दोन बाइटनी संपते. लिनक्सवर तयार झालेल्या स्ट्रिंगमध्ये फक्त ०ए असतो. प्रोग्रामने ०एवाल्या बाइटवर सही केली आणि वाटेत कुठल्याही टप्प्याने ते सीआरएलएफ केले, की हॅश (बाइटवरून काढलेला ठसा) जुळत नाही. विंडोजवरच्या डेव्हलपरकडे हाच कोड चालतो आणि सर्व्हरवर चालत नाही, त्याचं कारण हे. २०२३च्या डिसेंबरमध्ये एसएमटीपी स्मगलिंगची (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याची पद्धत, आणि हे तिच्यातल्या ओळ-शेवटांच्या फरकाचा फायदा घेऊन खोटे मेल घुसवणं) त्रुटी जाहीर झाल्यानंतर मेल सर्व्हर एकट्या ०एबाबत कडक झाले. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर ३.९ पासून अशा ओळी मुळातच सीआरएलएफसारख्या धरून घेतो. म्हणून सही करण्याआधीच सगळ्या ओळी सीआरएलएफ करा आणि नेमके तेच बाइट पाठवा.

दुसरी जागा पहिल्या भागाच्या शेवटाची. ही चूक बारीक आहे आणि हिच्यात लोकांचे दिवस जातात. सीमारेषेच्या, म्हणजे ‘बाउंडरी’च्या, लगेच आधी येणारा सीआरएलएफ हा मजकुराचा नसतो, बाउंडरीचा असतो. समजा तुमचा मजकूर ‘कळावे’ आणि त्यानंतर एक सीआरएलएफ असा आहे आणि सही या सगळ्यावर केली. मेल लिहिताना त्याच्या लगेच पुढे दोन डॅश आणि बाउंडरी लिहिली, तर तपासणारा तो सीआरएलएफ बाउंडरीत धरतो. मजकूर ‘कळावे’पाशीच संपतो आणि हॅश चुकतो. बरोबर रचनेत तिथे दोन सीआरएलएफ लागतात: एक मजकुराचा, सहीत मोजलेला, आणि एक बाउंडरीचा, सहीबाहेरचा.

यातली नेमकी कुठली चूक आहे, हे अंदाजाने शोधू नका. पुढचा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे आणि उत्तर ठाम देतो.

१. ‘.ईएमएल’ फाइलमधून पहिला भाग कापा: पहिल्या बाउंडरीच्या ओळीनंतरच्या पहिल्या बाइटपासून, पुढच्या बाउंडरीच्या आधीचा सीआरएलएफ वगळून. हे एडिटरमध्ये कॉपी-पेस्टने करू नका, एडिटर ओळींचे शेवट बदलतो. चार ओळींची स्क्रिप्ट लिहून बायनरी मोडमध्ये कापा.

२. ‘स्माइम.पी७एस’चा बेस६४ (कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडून ती फाइल ओपनएसएसएलच्या ‘सीएमएस’ कमांडला ‘सीएमएसआउट’ आणि ‘प्रिंट’ पर्यायांनी दाखवायला सांगा. त्यात ‘मेसेजडायजेस्ट’ नावाचं ॲट्रिब्यूट दिसेल. एसएचए-२५६ (हॅश काढण्याची एक पद्धत) वापरला असेल तर ते ३२ बाइटचं असतं. सही करताना प्रोग्रामने पाहिलेल्या बाइटचा हा हॅश आहे.

३. कापलेल्या भागाच्या चार प्रती करा: सीआरएलएफ शेवटांची, नुसत्या ०ए शेवटांची, आणि या दोन्हींची प्रत्येकी शेवटी एक जादा ओळ-शेवट जोडलेली प्रत. चारींचा एसएचए-२५६ काढा.

सीआरएलएफची साधी प्रत जुळली तर मजकूर शाबूत आहे, प्रश्न सर्टिफिकेटकडे वळवा. ०एवाली जुळली तर तुमचा प्रोग्राम चुकीच्या ओळ-शेवटांवर सही करतोय. जादा शेवटवाली जुळली तर बाउंडरीची चूक. चारींपैकी एकही जुळली नाही, तर एक तर मजकुरात वाटेत खरोखर बदल झालाय, नाही तर प्रोग्राम हेडर सोडून सही करतोय. हेडर काढून टाकलेली पाचवी प्रत करून तेही पाहून घ्या.

मराठी मजकूर असेल तर बेस६४च

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळं चिन्ह म्हणून. हा मजकूर ‘८बिट’ एन्कोडिंगने, म्हणजे बाइट जसेच्या तसे, ठेवून सही केली, तर वाटेतला एखादा सर्व्हर ८बिट पुढे नेत नाही म्हणून तो क्वोटेड-प्रिंटेबल (प्रत्येक बाइट ‘=’ आणि दोन अक्षरांनी लिहिण्याची पद्धत) किंवा बेस६४ करतो. वाचणाऱ्याला अक्षर न् अक्षर सारखं दिसतं आणि सही मात्र मोडते. इंग्रजी मेल बरोबर आणि मराठी चूक, या तक्रारीचं हेच उत्तर. आरएफसी ८५५१ मध्ये, म्हणजे एस/माइमच्या २०१९च्या आवृत्तीत, अशा सहीसाठी मजकूर ७बिट रूपात आणायला सांगितलंय ते यासाठी.

क्वोटेड-प्रिंटेबलही चालतं, पण त्यात एका देवनागरी चिन्हाची ९ अक्षरं होतात, बेस६४ मध्ये ४. आकार सोडा, बेस६४चा खरा फायदा वेगळा आहे. ओळीच्या शेवटी सुटलेली स्पेस, ओळीच्या सुरुवातीला आलेलं इंग्रजी ‘फ्रॉम’ (काही सिस्टिम त्याआधी मोठेपणाचं चिन्ह घालतात), ९९८ बाइटहून लांब ओळ, हे सगळे धोके एकदम जातात. ९९८ बाइट म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३२ चिन्हं. एचटीएमएल टेम्प्लेटमधला एक मोठा परिच्छेद एका ओळीत आला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मजकूर कोणत्याही भाषेचा असो, प्रोग्राममधून जाणाऱ्या सहीयुक्त मेलला आम्ही सरसकट बेस६४ सुचवतो.

लायब्ररीप्रमाणे अडणाऱ्या जागा

पायथनमध्ये ‘ईमेल’ मॉड्यूलची नेहमीची पॉलिसी ०ए देते. सहीसाठी बाइट काढताना ‘एसएमटीपी’ पॉलिसी वापरा. जुन्या ‘कॉम्पॅट३२’ पॉलिसीने ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीही बदलतात. सही झाल्यावर मेल पुन्हा ऑब्जेक्टमध्ये वाचून ‘सेंड_मेसेज’ला देणं टाळा, तिथे तो नव्याने लिहिला जातो. तयार बाइट थेट ‘सेंडमेल’ला द्या. ‘सेंडमेल’ स्ट्रिंग मिळाली तर ओळींचे शेवट दुरुस्त करतं, बाइट मिळाले तर करत नाही, तेव्हा ते आधीच बरोबर असायला हवेत. ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीच्या पीकेसीएस७ बिल्डरमध्ये ‘डिटॅच्ड’ पर्याय द्या. ‘टेक्स्ट’ पर्याय देऊ नका, तो स्वतःचं ‘टेक्स्ट/प्लेन’ हेडर वर चिकटवतो आणि तुमचं एचटीएमएल हेडर मजकुरात ढकलतो.

डॉटनेटमध्ये ‘सिस्टिम.नेट.मेल’वर ‘अल्टरनेटव्ह्यू’ची कसरत करून सही बसवलेले प्रोग्राम अजून खूप आहेत. त्यांची डागडुजी करत बसण्यापेक्षा माइमकिट आणि मेलकिट या लायब्ररींवर जा. तिथे ‘मल्टिपार्टसाइन्ड’ तयार करण्याची सोय आहे आणि बाउंडरीचा हिशोब लायब्ररी सांभाळते. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ‘सीएमएससाइनर’ न सांगता एसएचए-१ वापरतो, म्हणून एसएचए-२५६ स्पष्ट लिहा. बाहेरच्या हेडरमधला ‘माइकॅल्ग’ही (हॅशची पद्धत सांगणारा) त्याला जुळता हवा, ‘एसएचए-२५६’ असा, मधल्या डॅशसकट.

पीएचपीच्या ‘ओपनएसएसएल_पीकेसीएस७_साइन’मध्ये मधली (तुमचं आणि मूळ प्राधिकरणाचं यांना जोडणारी) सर्टिफिकेटं शेवटच्या पॅरामीटरमधून द्यावी लागतात. तो ऐच्छिक असल्याने बहुतेक कोडमध्ये रिकामा सापडतो. त्याचा परिणाम पुढे येतोच.

एपीआयने मेल पाठवत असाल, तर विषय, एचटीएमएल आणि जोडफाइल वेगवेगळ्या खान्यांत भरण्याच्या पद्धतीने सही टिकणारच नाही, कारण अंतिम मेल समोरची सेवा बांधते. पूर्ण तयार मेल जसाच्या तसा स्वीकारणारा मार्ग घ्या. अमेझॉन एसईएसमध्ये तो ‘रॉ’ नावाने आहे, जीमेलच्या एपीआयमध्येही ‘रॉ’ हे फील्ड आहे, मायक्रोसॉफ्ट ग्राफ बेस६४ केलेला माइम मेल घेतं. आणि घाऊक मेल सेवेतलं ‘ओपन ट्रॅकिंग’ व ‘क्लिक ट्रॅकिंग’ या मेलांसाठी बंद करा. पहिलं मजकुरात अदृश्य चित्र घालतं, दुसरं प्रत्येक लिंक बदलतं.

कंपनीचा गेटवे

प्रोग्राममधून निघालेली प्रत आणि समोर पोचलेली प्रत जुळत नसेल, तर पहिला संशय तळटिपेवर घ्या. ‘हा संदेश गोपनीय आहे’ छापाची कायदेशीर तळटीप किंवा अँटिव्हायरसची ओळ गेटवे, म्हणजे कंपनीचे मेल आत-बाहेर सोडणारा सर्व्हर, मजकुरात जोडतो. बाहेरून येणाऱ्या मेलच्या डोक्यावर ‘बाहेरचा मेल, सावध राहा’ अशी पट्टी लावणारे सर्व्हरही तेच करतात. ती पट्टी समोरच्या कंपनीत लागते, म्हणून चूक ठरावीक ग्राहकांकडेच दिसते. एक्सचेंजच्या नियमांत संदेशाचा प्रकार ‘साइन्ड’ असेल तर नियम लागू करू नये, असा अपवाद टाकता येतो. आपल्या ॲडमिनला तो टाकायला सांगा, समोरच्यांनाही नेमक्या याच शब्दांत लिहा.

हे सिद्ध करायला प्रोग्रामने एसएमटीपीला दिलेले अंतिम बाइट फाइलमध्ये जपलेले हवेत. चाचणीपुरती तरी ही सोय कोडमध्ये ठेवा. दोन्ही फाइलींतला पहिला भाग कापून ‘सीएमपी’ या कमांडने तुलना केली की कितव्या बाइटला फरक पडला ते कळतं, आणि तिथे काय आहे हे पाहिलं की बदलणारा कोण तेही बहुतेक वेळा उघड होतं.

समोरचा गेटवे बदलत नसेल, तर अपारदर्शक सहीचा पर्याय उरतो. त्यात मजकूर सहीच्या आतच बेस६४ होऊन ‘स्माइम.पी७एम’ म्हणून जातो, सहसा कोणी त्याला हात लावत नाही. पण ज्याच्या मेल ॲपला एस/माइम कळत नाही त्याला मजकूरच दिसत नाही, नुसती एक न उघडणारी जोडफाइल दिसते. ठरावीक संस्थांमधल्या व्यवहाराला हे चालेल. हजारो ग्राहकांना असे मेल पाठवू नका.

हेडरमध्ये ‘डीकेआयएम पास’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ती डोमेनची वेगळी सही आहे, आणि तिच्या ‘रिलॅक्स्ड’ पद्धतीत स्पेसचे किरकोळ फरक माफ असतात. एस/माइममध्ये एक बाइटही माफ नाही.

सर्टिफिकेटचे बिघाड

हॅश जुळतोय आणि तरी इशारा येतोय, तर सर्टिफिकेट उघडून पुढच्या गोष्टी पाहा.

सर्टिफिकेटमधला ईमेल आणि मेलचा ‘फ्रॉम’ सारखा हवा. सर्टिफिकेट लेखा विभागाच्या पत्त्याचं आणि मेल ‘नो-रिप्लाय’वरून, हा घोळ फार जागी आहे. कोडमध्ये पत्ता बरोबर असूनही काही एसएमटीपी सेवा लॉगिनच्या खात्याप्रमाणे ‘फ्रॉम’ बदलतात. पोचलेल्या मेलमधला ‘फ्रॉम’ पाहा, कोडमधला नको.

‘एक्स्टेंडेड की यूसेज’मध्ये ईमेल प्रोटेक्शन हवं, त्याचा ओआयडी (ओळख क्रमांक) १.३.६.१.५.५.७.३.४. वेबसाइटचं एसएसएल सर्टिफिकेट इथे चालत नाही.

मधलं, म्हणजे इंटरमीजिएट, सर्टिफिकेट ‘पी७एस’मध्ये आहे का? ओपनएसएसएलच्या ‘पीकेसीएस७’ कमांडला ‘प्रिंट_सर्ट्स’ दिलं की आतली यादी दिसते. फक्त तुमचंच सर्टिफिकेट दिसलं, तर मधलं ज्याच्या मशिनवर आधीपासून आहे त्याच्याकडेच सही वैध दिसेल. ‘काहींना दिसतं, काहींना नाही’ याचं दुसरं मोठं कारण हे. ओपनएसएसएलमध्ये ‘सर्टफाइल’ पर्यायाने ते जोडा. डॉटनेटचा ‘एक्स्क्लूडरूट’ पर्याय साखळी स्वतः भरतो, पण मधलं सर्टिफिकेट सर्व्हरच्या स्टोअरमध्ये असलं तरच.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. जीएसटी, एमसीए किंवा निविदांसाठी घेतलेलं डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) भारतीय सीसीएच्या, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या प्राधिकरणांवरच्या सरकारी नियंत्रकाच्या, मुळाशी जोडलेलं असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे त्या सहीला पूर्ण मान्यता आहे. पण कायद्याची मान्यता आणि मेल ॲपचा विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेकडून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं, तेव्हा फायरफॉक्सला धोका नव्हता, कारण मोझिलाच्या यादीत सीसीएचं मूळ नव्हतंच. थंडरबर्ड मोझिलाचीच यादी वापरतं, म्हणून विंडोजवरच्या आउटलुकमध्ये वैध दिसणारी तीच सही थंडरबर्डमध्ये अनोळखी ठरते. कोड कितीही बदलला तरी याने फरक पडणार नाही. मेल देशाबाहेर किंवा सर्वसामान्य ग्राहकांकडे जाणार असतील, तर मोठ्या मेल ॲपांच्या यादीत असलेल्या प्राधिकरणाकडून एस/माइमचं वेगळं सर्टिफिकेट घ्या.

दुसरी अडचण यूएसबी टोकनची. टोकनमधली प्रायव्हेट की (सही करणारी गुप्त किल्ली) बाहेर काढता येत नाही, आणि टोकनचा ड्रायव्हर पिनसाठी खिडकी उघडतो. प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ती खिडकी कोणालाच दिसत नाही आणि सही अडकून पडते. पीकेसीएस११ (टोकनशी बोलण्याचं मानक) मार्गाने पिन कोडमधून देता येतो. पण एखाद्या संचालकाचं वैयक्तिक टोकन सर्व्हरला लावून ठेवणं आणि त्याचा पिन कॉन्फिग फाइलमध्ये लिहिणं आम्ही कोणालाच सुचवणार नाही. त्या टोकनने त्यांच्या नावाने काहीही सही करता येतं. संस्थेच्या सॉफ्टवेअरने आपोआप सही करण्यासाठी सीसीएच्या व्यवस्थेत ‘डॉक्युमेंट सायनर सर्टिफिकेट’ आहे. प्राधिकरणाकडे त्याची चौकशी करा आणि त्यात ईमेल प्रोटेक्शन मिळेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

सही होतच नसेल तर

विंडोजवर ‘कीसेट डज नॉट एक्झिस्ट’ आलं, तर बहुतेक वेळा की असते पण वाचायची परवानगी नसते. सर्टिफिकेट लोकल मशिनच्या स्टोअरमध्ये ठेवा, त्यावर राइट-क्लिक करून ‘मॅनेज प्रायव्हेट कीज’मधून ॲप्लिकेशन पूलच्या खात्याला वाचण्याची परवानगी द्या.

ओपनएसएसएल ३ वर जुनी ‘.पीएफएक्स’ (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारी फाइल) उघडताना आरसी२-४० (जुनं एन्क्रिप्शन) ‘अनसपोर्टेड’ आलं, तर ‘लेगसी’ पर्याय देऊन एकदा उघडा आणि एईएस-२५६ ने नवी फाइल करून ठेवा. याच्या उलटही होतं. अशी नवी फाइल विंडोज सर्व्हर २०१६ वर नेली तर तो ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतो. पासवर्ड बरोबर असतो, त्या आवृत्तीला हे एन्क्रिप्शन उघडता येत नाही. तिच्यासाठी जुन्या पद्धतीची फाइल वेगळी काढा.

दुरुस्तीनंतर चाचणीचा मेल स्वतःच्याच डोमेनवर पाठवून थांबू नका, तो गेटवेतून जातोच असं नाही. लांब मराठी परिच्छेद, ओळीच्या शेवटी मुद्दाम सोडलेली स्पेस, एक पीडीएफ जोडफाइल, असा मेल बाहेरच्या किमान दोन सेवांवर पाठवा. आउटलुक आणि थंडरबर्ड दोन्हींत उघडा, आणि एखाद्या मशिनवर असं पाहा जिथे तुमचं मधलं सर्टिफिकेट कधीच बसवलेलं नाही.